दोघांचाही स्कोअर 7, पण झोप एकसारखी नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक हेल्थ कॅम्प झाला. बीपी, शुगर झाल्यावर सगळ्यांकडून झोपेचा एक फॉर्म भरून घेतला आणि माझ्या सासूबाईंच्या हातात चिठ्ठी दिली, 'स्कोअर 7, निद्रानाश, डॉक्टरांना दाखवा'. सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, रोज रात्री साडेनऊला आडव्या होतात, पहाटे सव्वातीन-साडेतीनला त्यांना जाग येते, मग अंथरुणातच जप करत पडून राहतात आणि साडेपाचला उठतात. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, दिवसभर अगदी ठणठणीत असतात. पण त्या चिठ्ठीनंतर जाग आली की जप सोडून घड्याळ बघत बसतात, आणि म्हणून हे पत्र लिहितेय. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, त्यामुळे त्या फॉर्मचं काय चुकतंय हे मला दिसतं आणि गप्प बसवत नाही.

तो फॉर्म म्हणजे पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स. जगभर वापरतात आणि चांगला आहे, हे आधीच सांगते. 1989 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. गेल्या महिन्याभराच्या झोपेबद्दल 19 प्रश्न, त्यातून 7 भाग निघतात: झोप कशी वाटते, लागायला किती वेळ जातो, किती तास होते, अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी किती टक्के वेळ खरंच झोप लागते, मध्ये व्यत्यय किती येतात, गोळी घेता का आणि दिवसा पेंग किंवा मरगळ येते का. प्रत्येक भागाला 0 ते 3 मार्क, एकूण 21, आणि 5 च्या वर गेलं की झोप खराब. ही 5 ची रेघ त्यांनी तिथल्याच निरोगी माणसांवर, डिप्रेशनच्या आणि झोपेच्या तक्रारींच्या पेशंटवर तपासून ठरवली. तेव्हा खराब झोपेच्या 89.6 टक्के लोकांना आणि चांगल्या झोपेच्या 86.5 टक्के लोकांना तिने बरोबर ओळखलं. म्हणजे अगदी तिथल्याइतकीच ती इथे चालली असं धरलं तरी चांगली झोप असलेल्या 200 माणसांतल्या 27 जणांच्या हातात अशी चिठ्ठी पडणार! आणि मुळात हा फॉर्म झोपेचा दर्जा मोजतो, निद्रानाशाचं निदान करत नाही.

आता सासूबाईंचे 7 आले कुठून ते बघा. आठ तास अंथरुणात आणि त्यातले साडेपाच तास झोप, म्हणून तासांचे 2 आणि टक्केवारीचे 2. झोप लागायला वीसेक मिनिटं त्याचा 1, व्यत्ययांचा 1, झोप 'बऱ्यापैकी चांगली' म्हणाल्या त्याचा 1. गोळी 0, दिवसाची पेंग 0. दुपारी जेवणानंतर तासभर पडतात तो कुठेच धरला नाही, कारण फॉर्म रात्रीचीच झोप विचारतो, आणि वामकुक्षी तर आपल्याकडे घरोघरी आहे.

त्याच दिवशी माझा भाचाही आला होता, हिंजवडीत नाईट शिफ्ट करतो. फॉर्ममध्ये विचारलंय रात्री कितीला झोपायला जाता, तर तो म्हणाला, 'मामी, मी रात्री झोपतच नाही, मग काय लिहू?' शेवटी त्याने सकाळी 8 लिहिलं. झोप सव्वासात तास, अंथरुणात आठ तास, म्हणून तास आणि टक्केवारी दोन्हीला 0. पण झोप कशी वाटते याचे 2, लागायला वेळ 1, व्यत्यय 1, आणि पेंग-मरगळीचे पूर्ण 3, गाडी चालवताना डोळे मिटतात म्हणतो, त्याची मला खरी काळजी वाटते. बेरीज त्याचीही 7. म्हणजे एक आजी जी दिवसभर टवटवीत आहे आणि एक पोरगा जो गाडीवर पेंगतो, दोघांच्या चिठ्ठीवर तोच आकडा आणि तेच वाक्य.

यालाच आमच्या विषयात फॅक्टर स्ट्रक्चरचा प्रश्न म्हणतात. सगळ्या भागांची एकच बेरीज करायची तर ते सगळे आतून एकाच गोष्टीशी बांधलेले हवेत, एक बिघडला की बाकीचेही साधारण बिघडायला हवेत. तसे ते आहेत का हे शेकडो लोकांचे फॉर्म घेऊन, कुठले मार्क कुठल्या मार्कांबरोबर हलतात ते बघून ठरवतात. 2006 साली कोल आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांच्या फॉर्मांवर हे केलं तेव्हा त्यांना एका गठ्ठ्यापेक्षा तीन वेगळे गठ्ठे जास्त चपखल बसले: तास आणि टक्केवारी एकात, झोप कशी वाटते, लागायचा वेळ आणि गोळी दुसऱ्यात, व्यत्यय आणि दिवसाची मरगळ तिसऱ्यात. सासूबाईंचे 7 पैकी 4 पहिल्या गठ्ठ्यातले, भाच्याचा त्यात एकही नाही. त्यानंतर वेगवेगळ्या देशांत, विद्यार्थ्यांमध्ये, गरोदर बायकांमध्ये, पेशंटमध्ये हे परत परत तपासलं गेलं आणि कुठे एक गठ्ठा निघाला, कुठे दोन, कुठे तीन. गोळीचा भाग तर जिथे फारसं कोणी गोळी घेतच नाही तिथे सगळ्यांना 0 मिळून नुसता लोंबकळत राहतो.

आणि गठ्ठे सारखे निघाले तरी काम संपत नाही. सारखीच झोप असलेली दोन माणसं, एक तरुण एक म्हातारं किंवा एक इथलं एक तिथलं, त्या प्रश्नाला सारखंच उत्तर देतात का हेही बघावं लागतं, नाहीतर दोन गटांची सरासरी शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या नोटीस बोर्डवर मात्र हे काही न बघता 'ज्येष्ठांची झोप तरुणांपेक्षा खराब' असा तक्ता लावला. फॉर्ममध्ये काम करायला उत्साह टिकवणं किती जड गेलं असा प्रश्न आहे, त्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, 'उत्साह असो नसो, पहाटे पाचला पाणी येतं, उठावंच लागतं.' याला 0 द्यायचा की 3? घेणाऱ्या मुलीने 0 टाकला.

व्यत्ययांच्या यादीत थंडी आहे, उकाडा आहे, खोकला-घोरणं आहे, लघवीला उठणं, दुखणं, वाईट स्वप्नं आहेत. डास नाहीत, आवाज नाही. नदीकाठच्या सोसायट्यांत राहणाऱ्याला विचारा झोप कशाने मोडते, किंवा पेठेत राहणाऱ्याला गणपतीच्या दिवसांत विचारा. हे सगळं 'इतर कारण' या एका रिकाम्या ओळीत कोंबायचं, आणि आमच्याकडे ती ओळ बहुतेकांनी कोरीच सोडली कारण कोणी विचारलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुण्यात असे सर्व्हे करणाऱ्यांनी आधी मराठी फॉर्म नीट करावा, म्हणजे एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत आणायचं, मग पंधरावीस जणांना बसवून प्रश्न काय समजला ते विचारायचं. मग तीन-चारशे लोकांकडून भरून घ्यावा, त्यात चाकण-भोसरीचे थर्ड शिफ्टवाले हवेत, पेठांमधले ज्येष्ठ हवेत, वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशी हव्यात, आणि गठ्ठे कसे पडतात ते बघावं. तोवर बेरीज बाजूला ठेवून सातही भागांचे मार्क सुटे सुटे सांगावेत, म्हणजे माझ्या भाच्याला निदान गाडीबद्दल कोणीतरी बोललं असतं. आणि तुम्हाला विनंती की झोपेच्या सर्व्हेची बातमी छापताना फॉर्म कुठला, कुठल्या भाषेत आणि आधी कोणावर तपासलेला या तीन गोष्टी विचारून छापा.

हे काम कोणी हातात घेणार असेल तर फॉर्म भरून घ्यायला आणि आकडे मांडायला मी आणि माझे एमएस्सीचे विद्यार्थी रविवारचे बसायला तयार आहोत, पैसे नकोत.

आपली एक वाचक,
कर्वेनगर, पुणे