पाहुणे नाही म्हणता, मग टोप कोण घासणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस तुमच्या पेपरात चाकरमान्यांच्या हालाच्या बातम्या येतात, महामार्गावर खड्डे किती, माणगावला गाड्या किती तास अडकल्या, वेटिंग लिस्ट किती मिनिटांत भरली वगैरे. मी त्या सगळ्या वाचते, कारण अडकलेल्या गाडीत आमचीच माणसं असतात आणि इकडे जेवण झाकून आम्ही बसलेलो असतो. पण ती माणसं एकदा खळ्यात उतरली की तुमची बातमी संपते. मग एकदम विसर्जनाचा फोटो आणि ‘चाकरमानी परतीच्या वाटेवर’. मधल्या सात दिवसांचं काय हो? म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण आमच्या आयेंचं, म्हणजे सासूबाईंचं, वाक्य तेवढं ठेवा.

आमचं घर कणकवली तालुक्यात. एरवी घरात माणसं चार, मी, आमचे हे, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. गणपतीला होतो तेवीस. डोंबिवली, भांडुप, नालासोपारा, पुणे अशा चार ठिकाणांहून. यंदा, म्हणजे २०२५ ला, २७ ऑगस्टला चतुर्थी आणि गौरी विसर्जन २ सप्टेंबरला, म्हणजे गणपती चांगले सात दिवस. कॅलेंडर आल्यावर सगळ्यात आधी मी हेच बघते, गौरी कधी जाते. काही वर्षी पाच दिवसांत आटपतं, काही वर्षी सात. लोक देवाचे दिवस मोजतात, मी चपात्यांचे मोजते. (देव रागावणार नाही, त्याने सगळं बघितलंय.)

यावेळी मी एक वही केली. तक्रार म्हणून नाही, खरंच नाही, दरवर्षी सामान कमी पडतं नाहीतर उरून सडतं म्हणून नीट लिहून ठेवावं एवढाच हेतू. नारळ ४३. साखर ११ किलो. दूध रोज ६ लिटर, विसर्जनाच्या दिवशी ८. सिलिंडर दोन, आणि मागच्या पडवीतली चूल सकाळपासून रात्रीपर्यंत पेटलेली ती वेगळी. संडास एक, बाथरूम एक, त्यासाठी सकाळी पाचपासून बादल्यांची रांग, आणि बादली कोणाची यावरून पोरांची भांडणं. टाकी ५०० लिटरची, ती सकाळी नऊपर्यंत संपते आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते, की पंप बंद, की विहिरीवर कळशी. मुंबईची पोरं दोन दिवस हौसेने पाणी काढतात, रील बनवतात, तिसऱ्या दिवशी रहाट आणि आम्ही.

आणि चहा. चहाचं मी मुद्दाम लिहिलं कारण कोणी विश्वास ठेवणार नाही. शुक्रवारी २९ तारखेला आमच्याकडे ११२ कप चहा झाला. माणसं तेवीस असली तरी वाडीतले दर्शनाला येतात, आणि रात्री साडेबाराला भजनमंडळ आलं वीस-पंचवीस जणांचं, बुवा, पखवाज, तालाची चक्की सगळा लवाजमा, भजन मात्र सुंदर झालं, पण भजन संपल्यावर प्रत्येकाला काळ्या वाटाण्याची उसळ, पाव आणि चहा द्यायचा असतो. तो दिला. दोन वाजता मी आणि मोठी पुतणी पडवीत बसून टोप घासत होतो, बाहेर पाऊस, बल्बाभोवती पाकोळ्या, आणि आत माजघरात घोरण्याचे पाच वेगवेगळे आवाज. पुतणी म्हणाली काकी, तुला सुट्टी कधी असते गो? मी म्हटलं चौदाव्या दिवशी. ती हसली, आणि मी पण. पण वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच.

आता खोटं नाही बोलणार. आमचे दीर काही रिकाम्या हाताने येत नाहीत. खर्चाची वर्गणी आमच्यात चुलीप्रमाणे निघते, ज्याची चूल वेगळी त्याने आपला वाटा द्यायचा, आणि ती सगळे बिनबोभाट देतात. तीन वर्षांपूर्वी पावसात कौलं गेली तेव्हा पैसे डोंबिवलीहूनच आले. माझ्यासाठी साडी, आयेंची औषधं, सगळं आणतात. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची, तिला टांगायला कवंडाळं, कांगण्या, हरणं अशी रानातली फळं-फुलं शोधून आणायची, नागपंचमीला गणपतीशाळेत पोचवलेला पाट मूर्तीसकट डोक्यावरून घरी आणायचा, हे पुरुष करतातच. पण माटवी एकदा बांधून होते आणि मूर्तीही एकदाच येते. मग ओटीवर पत्ते. आमचे हे तर त्या आठवड्यात घरमालक असतात, खांद्यावर पंचा टाकून आल्या-गेल्याला ‘बसा, चाय घेवा’ म्हणायचं काम त्यांच्याकडे, आणि ते हाक मारतात आतल्या बाजूला.

आणि कोणी काही बोललं की ठरलेलं उत्तर, ‘आमी काय पावणे आसंव? ह्यां घर आमचांच मा?’ आहेच. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं आहेत, घरपट्टीही सामाईक. पण मग टोपही सामाईकच झाला ना? पाहुणा असशील तर आरामात बस, मी गरम गरम वाढते, दोन दिवसांनी जा. घरचा असशील तर ऊठ. दोन्हीकडचं घेऊन कसं चालेल?

तर ती वही मी चहाच्या डब्यामागे ठेवली होती आणि रविवारी रात्री, ज्या दिवशी गौर आली त्या दिवशी, ती सापडली भांडुपच्या पोराला. त्याने आरतीनंतर सगळ्यांसमोर बातम्या वाचतात तशी वाचायला घेतली. “नारळ त्रेचाळीस!” हशा. “शुक्रवार, चहा एकशे बारा कप, त्यातले मी प्यायले दोन, दोन्ही थंड.” अजून हशा. “शनिवार, पाठ दुखते, कोणाला सांगू नये.” मग कोणी हसलं नाही.

धाकटे भावजी म्हणाले, “वयनी, हिशोब ठेवतंस आमचो?” आणि झालं. मी पण मग बोलले, जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. त्यावर डोंबिवलीची जाऊ जे बोलली ते मी तुम्हाला सांगणार आहे कारण तिचं चूक नव्हतं. ती म्हणाली, वहिनी मी रोज पहाटे साडेचारला उठते, डबे करते, सात बाराची लोकल पकडते, डब्यात उभी राहून जाते नि उभी राहून येते, रात्री परत स्वयंपाक. वर्षाच्या रजेतली आठवडाभराची रजा मी इथे आणून टाकते, चौदा तास गाडीत बसून येते, आणि इथे आल्यावर पण मी पोळपाटाशीच बसायचं तर मी आराम करायचा कुठे? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं पण मी चुलीकडे तोंड केलं. बाहेर ओटीवर तिघे दीर आणि आमचे हे एकदम गप्प, हातात पत्ते तसेच.

तेव्हा आतून, माजघरातल्या कॉटवरून, आमच्या आये बोलल्या. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकायला कमी येतं असं सगळे समजतात. म्हणाल्या, “तुमी दोगी भांडतास, पण माझे झील खंय गेले?”

‘माझे मुलगे कुठे गेले?’ हे त्यांचं वाक्य ऐकून मी गप्प बसले. एवढी वर्षं मी जावांवर रागावत होते. ही उशिरा उठते, ती मोबाईलवर असते, पुण्याची नणंद सोवळ्याचं निमित्त काढून बसते. झीलांचा हिशोब माझ्या वहीत पण नव्हता!

रात्री झोप कुठली यायला, मग आयेंचे पाय चेपत बसले आणि त्यांनी जुनं सांगितलं. सासरे लालबागला मिलमध्ये होते, ८२ चा संप झाला आणि ते गावाला परतले ते कायमचे, म्हणून हे घर उघडं राहिलं. पण त्याच्या आधी गणपतीला मुंबईहून यायचे ते फक्त बापये. कोणी बोटीने विजयदुर्गला उतरायचा, कोणी एसटीने दोन दिवस हाडं मोडून. बायका-पोरं गावातच असायची, मनीऑर्डरवर. या घरात तेव्हा पाच बायका राहायला होत्या, आये धरून, शिवाय वाडीतल्या दोघी मोदकाला यायच्या. एक भात बघायची, एक वाटण वाटायची, एक विहिरीवर, एकीकडे पोरं, एक बाळंतीण असली तरी बसून भाजी निवडायची. हा सगळा थाट, उकडीचे मोदक, पंचखाद्य, ऋषीपंचमीची बिनबैलाच्या शेतातली कंदमुळं-भाज्यांची भाजी, गौर येते त्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नव्या सुनांचा ववसा, हे सगळं त्या पाच बायकांच्या हिशोबाने बसवलेलं आहे. मग हळूहळू बायका-पोरं पण मुंबईला गेली, ९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, येणारी माणसं वाढली, आणि चुलीपाशी कायमची राहिली एकटी मी. पदार्थ मात्र एकही कमी झाला नाही. उलट वाढलाय, आता पोरांना मंचुरियन पण लागतं.

मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं हो. मला वाटायचं मीच कमी पडते, आये करायच्या ते मला का झेपत नाही.

दुसऱ्या दिवशी गौरीपूजन. सकाळी सात वाजता आमचे हे आणि धाकटे भावजी खोवणी घेऊन बसले. दोघांच्यात मिळून सात नारळ, दीड तास, खोबऱ्यात करवंटीचे तुकडे, पातोळी खाताना दातात कचकन यायचे पण कोणी काही बोललं नाही, बोलायची हिंमत नव्हती. भांडुपचे भावजी मात्र भलतेच निघाले. लग्नाआधी बारा वर्षं गाववाल्यांच्या खोलीत राहिलेले, पाळीने स्वयंपाक करायचे, त्यांनी बिड्याच्या तव्यावर घावणे घातले ते माझ्यापेक्षा जाळीदार. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला, म्हणाली सतरा वर्षं संसार केला, हे घरी कधी दिसलं नाही. नैवेद्याला तीन वाजले. एरवी एक. गौर काही उठून गेली नाही.

भांडी मात्र त्या दिवशीही आम्हीच घासली, ते लिहिलंच पाहिजे. कोंबडी-वड्यांच्या दिवशी, म्हणजे विसर्जनानंतर बुधवारी, दोन पुतण्यांनी टोप घेतले आणि कालवणाचा तेलकट टोप बाहेर पावसात ठेवून दिला, ‘भिजू दे’ म्हणून. तो गुरुवारी मी घासला, सगळे गेल्यावर.

आता सरकारकडे वळते, नाहीतर तुम्ही म्हणाल हे घरगुती आहे, पेपरात कशाला. यंदा गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला. रेल्वेने म्हणे गणपती स्पेशलच्या ३८० फेऱ्या जाहीर केल्या, एसटीच्या पाच हजार जादा गाड्या, टोलमाफीचे पास, कोलाडहून मोटारगाडी ट्रेनवर चढवून आणायची सोय पण काढली. चांगलंच आहे, माझी माणसं सुखरूप येतात. पण एवढी माणसं जिथे उतरवता तिथल्या विजेच्या डीपीवर लोड किती येतो ते कोणी बघितलं? आमच्या वाडीत गणपतीच्या पहिल्याच संध्याकाळी, घराघरांत आरतीच्या वेळी, लाइट गेली ती रात्री अकराला आली. गॅसची गाडी तिठ्यावर आठवड्यातून एकदा येते, गणपतीत पण एकदाच. नळाला पाणी एरवीसारखंच दिवसाआड. कचरा न्यायला कोण येणार, पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या मी अजून मांगरामागे गोळा करते आहे. गावची लोकसंख्या आठवड्यापुरती चौपट होते हे काय अचानक होतं का? आधीच्या वर्षी पंचांगात छापून येतं! जादा गाड्या सोडताना जादा सिलिंडरची गाडी आणि एक वायरमन पण सोडा. आणि तुमच्या वार्ताहराला एकदा स्टेशनऐवजी आमच्या पडवीत पाठवा, रात्री दोनला. चहा मिळेल.

सगळे गेल्यावर घर कसं होतं ते सांगत नाही. दोन दिवस आये जेवल्या नाहीत नीट. मी पण पाच वाजता उठून सवयीने मोठा टोप चढवला चहाचा, मग लक्षात आलं.

डोंबिवलीच्या जाऊचा फोन आला पोचल्याचा, तिने ‘गणपती २०२६’ असा ग्रुप काढलाय. चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, सोमवार, साठ दिवस आधी बुकिंग उघडतं म्हणजे जुलैच्या मध्यावर सगळ्यांनी तयार राहायचं. खाली तिनेच लिहिलंय की कामाची पाळी लावायची, दिवसाला दोन माणसं, त्यातला एक बापयो पाहिजेच. त्यावर चौघा पुरुषांचे अंगठे आले. वर तर वर, धाकट्या भावजींनी विचारलंय, वयनी, माजघरातलो पंखो दुरुस्त केल्यात काय?

आपली,
कणकवली तालुक्यातली एक वयनी
(नाव छापू नये, गावात पेपर येतो)