घरांमागच्या सामाईक झाडीबाबत सूचना

सर्व सभासदांस नमस्कार,

कुंपणापलीकडच्या झाडीत छाटलेल्या फांद्या आणि लॉनच्या गवताचे ढीग पुन्हा दिसू लागले आहेत. ‘कुजून खतच होईल’ हे ऐकायला बरं वाटतं. पण ओल्या गवताचा थर खोडाला टेकला की साल दमट राहून सडते आणि बुरशीला वाट मिळते. शिवाय शोभेच्या वेली अशाच ढिगातून रुजतात, झाडांवर चढतात आणि त्या काढायचा खर्च शेवटी आपल्याच वर्गणीतून जातो. ज्यांनी टाकले असतील त्यांनी महिनाअखेरपर्यंत ढीग उचलावेत. नंतर समिती उचलेल आणि खर्च संबंधितांच्या बिलात लावेल.

झाडांखाली गाड्या उभ्या करू नयेत. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात, आणि माती दबली की ती गुदमरतात.

वाळलेलं झाड दिसलं म्हणून परस्पर माणूस बोलावू नये, आधी समितीला लेखी कळवावं. पायवाटेवर किंवा घरावर पडण्यासारखं असेल तेवढंच, रीतसर परवानगी घेऊन, उतरवू. बाकीची उभी राहतील. त्यांच्या ढोलीत घुबडं, सुतारपक्षी राहतात. (हो, दिसायला ओबडधोबड दिसतं, मान्य आहे.)

झाडीच्या देखभालीची तरतूद वार्षिक सभेत मांडली जाईल. हरकती त्याआधी लेखी द्याव्यात.

– सचिव, व्यवस्थापन समिती