उंट मूर्ख नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या बालपुरवणीत पंचतंत्रातली सिंह आणि उंटाची गोष्ट वाचली. चित्रं देखणी आहेत. कावळ्याची तिरकी नजर तर फारच झकास उतरली आहे. तक्रार आहे ती गोष्टीखालच्या तात्पर्याबद्दल. उंट भोळसट होता, विचार न करता बोलला, म्हणून जिवाला मुकला, असा त्याचा एकूण सूर. मारणारे चौघे राहिले बाजूला, आणि बोल मात्र मेलेल्याला!

मूळ गोष्ट 'मित्रभेद' या पहिल्या तंत्रात आहे. मदोत्कट सिंहाच्या टोळीत बिबट्या, कावळा आणि कोल्हा. तांड्यातून चुकलेला क्रथनक नावाचा उंट त्यांना दिसतो. कावळा तेव्हाच म्हणतो, हे तर तुमचं खाद्य, मारून टाका. पण घरी आलेल्याला मी मारत नाही, असं सांगून सिंह त्याला अभय देतो. पुरवणीत हा अभयाचा भाग एका ओळीत उरकला आहे. पुढचा सगळा डाव त्यावरच तर उभा आहे. हत्तीशी झुंजताना सिंह जखमी होतो, शिकार बंद पडते, सगळी टोळी उपाशी. मग कोल्हा उंटाचं नाव काढतो. सिंह भडकतो, तर कोल्ह्याकडे पळवाट तयार: अभय दिलेल्याला मारलं तर पाप, पण त्यानंच आपणहून जीव देऊ केला तर पाप कसलं? यावर सिंह, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, म्हणून मोकळा होतो. शब्द मोडल्याचा बोभाटा नाही आणि जेवणही चुकत नाही.

आता पुढचा प्रसंग नीट वाचावा. कावळा पुढे होतो : महाराज, मला खा. कोल्हा त्याला मागे सारतो, तू एवढासा, तुझ्यानं कुणाचं पोट भरणार? मग कोल्हा स्वतःला देऊ करतो. बिबट्या म्हणतो, तूही लहानच, शिवाय नखं असलेल्या जातीचा. तुला खाणं स्वामींना शोभणार नाही. मग बिबट्या स्वतः पुढे येतो. नकार सिंह देतच नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येकाला त्याच्या मागचा वाचवतो.

आणि बिबट्याला कोण वाचवतो? उंट! इतके सगळे गोड बोलले आणि कुणालाही काही झालं नाही, तेव्हा आपणही बोलावं, हे तिघे आपली बाजू घेतील, असा त्याचा हिशेब असतो. तो बिबट्याला म्हणतो, अहो, तुम्हीही नखवालेच, तुम्हाला स्वामी कसे खातील? टोळीची रीत तो चोख पाळतो आणि मग स्वतःला देऊ करतो. त्याच्या मागे कुणीच उरलेलं नसतं. सिंहाच्या परवानगीनं कोल्हा आणि बिबट्या त्याच्या दोन्ही कुशी फाडतात. होय, तोच बिबट्या.

याला विचार न करणं कसं म्हणायचं? डोळ्यांसमोर जे घडलं त्यावरून त्यानं काढलेला अंदाज अगदी रास्त होता. अंदाज चुकला, कारण सगळा देखावा त्याच्या एकट्यासाठी मांडलेला होता. शिवाय तो उपरा, सिंहाच्या मेहेरबानीवर राहणारा. सगळे जीव ओवाळून टाकत असताना तो एकटा गप्प बसला असता, तर कृतघ्न ठरला असता.

ही गोष्ट सांगतो कोण, हेही पुरवणीत गाळलं आहे. ती सांगतो संजीवक बैल. त्यालाही व्यापाऱ्याच्या तांड्यानं मागे टाकलेलं, त्यालाही दुसऱ्या एका सिंहाचं, पिंगलकाचं अभय मिळालेलं. आणि तो ती सांगतो दमनकाला, म्हणजे त्याच्याविरुद्ध सिंहाचे कान भरणाऱ्या कोल्ह्यालाच! संजीवकाचा मुद्दा स्पष्ट आहे : राजाभोवती क्षुद्र, कपटी माणसं (म्हणजे जनावरं) जमली, की ती करू नये तेही घडवून आणतात. उंटाच्या अकलेबद्दल त्याची काहीच तक्रार नाही. हितोपदेशात हाच उंट चित्रकर्ण नावानं येतो. तिथे विश्वास ठेवल्यानं घात झाला असं म्हटलंय खरं, पण दुष्टांच्या बोलण्यानं सज्जनांचीही बुद्धी डळमळते, अशा शब्दांत. म्हणजे तिथेही तो सज्जनांतच मोडतो.

मुलांसाठी गोष्ट आटोपशीर करावी लागते, हे मान्य. पण कात्री नेमकी अभय आणि बिबट्याची सुटका यांवरच चालली, तर उरतो तो फक्त एक बावळट उंट. अशानं मुलं सिंहाला हसत नाहीत, उंटाला हसतात. ही गोष्ट पुन्हा छापलीत, तर उंट बिबट्याची बाजू घेतो तो प्रसंग चित्रासकट घ्यावा. आणि तात्पर्याची चौकट ठेवायचीच असेल, तर तीत एकदा सिंहाबद्दलही लिहावं.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक