तिथीची पाऊणपट

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं. पण बाबा, तुम्ही "बरी आहेस ना?" एवढं विचारून फोन आईकडे देता, आणि हे मला तुम्हा दोघांना एकदमच सांगायचंय. रात्रीची जेवणं झाली की पडवीत बसा आणि वाचा. बाबांना बारीक अक्षर दिसत नसेल, तर आई, तू मोठ्याने वाच.

गेल्या रविवारी सरांनी मला लग्नाचं विचारलं. पालिकेच्या शाळेतले, नायगावचे. त्यांच्या शाळेत रक्ततपासणीच्या शिबिराला गेले होते तेव्हा ओळख झाली, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं मी कधी सांगितलं नाही. तुमच्याशी बोलताना मी 'सर' म्हणते, पण तो माझ्याच वयाचा आहे.

पहिल्यांदा दोघंच भेटलो ते 2023 च्या फेब्रुवारीत, शिवडीच्या धक्क्यावर. त्याला मला रोहित पक्षी दाखवायचे होते. भर बारा वाजता पोचलो, तर पाणी धक्क्याला लागलेलं आणि पक्षी एकही नाही. त्याचा चेहरा इतका उतरला! मी विचारलं, आज तिथी काय? माघी पौर्णिमा. बाबा, लहानपणी तुम्ही खाडीवर शिकवलं होतंत ना, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात पौर्णिमेचं उधाण. म्हटलं, भरती नुकतीच भरलीय, चिखल उघडा पडायला दोन-अडीच तास लागतील. तो म्हणाला, "मग बसू." मला वाटलं होतं, कुठेतरी चहाला जाऊ म्हणेल. अडीच तास आम्ही उन्हात बसलो. समोर नव्या पुलाचं काम चाललेलं. त्याने पाऊणपटीचा हिशेब माझ्याकडून दोनदा करून घेतला आणि वहीत उतरवला, मुलांना शिकवायला. पाणी मागे सरलं, आणि तिवरांच्या पलीकडून ते आले, आधी दहा-बारा, मग मोजता येईनात इतके. माना उलट्या करून, चोच चिखलात घालून खात होते. पिल्लं राखाडी असतात, शेवाळ खाऊन खाऊन गुलाबी होतात, हे मला त्याने त्या दिवशी सांगितलं.

मध्ये तीन वर्षं गेली. बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी रात्री औषधं घेऊन खाली उभा असायचा तो हाच. वर यायला मीच नको म्हणायचे. ते मला अजून लागून राहिलंय.

त्याचं घर बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांची खोली. वडील लवकर गेले. आईने चार घरची धुणीभांडी करून दोन्ही मुलांना शिकवलं. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या हाताला धरून खिडकीजवळ बसवलं, वारा लागतो म्हणून.

ते बौद्ध आहेत. हे लपवायचं नव्हतं, सांगायला धीर होत नव्हता. आत्या काय म्हणतील, गावात काय बोलतील, सगळं मला कळतं. पण बाबा, बेस्टमध्ये असताना 6 डिसेंबरला तुमची ड्युटी दादरला लागायची. घरी आल्यावर तुम्ही सांगायचात, लेकरं कडेवर घेऊन बायका रात्रभर चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या असतात आणि कुणाची तक्रार नसते. तुमच्या डब्यातली पोळी तुम्ही एका मुलाला दिली होतीत. ते सांगताना तुमचा आवाज कसा झाला होता, ते मला आठवतं. त्याची आई दर वर्षी त्या रांगेत असते.

रविवारी परत शिवडीला गेलो. या वेळी तिथी मोजून. आता अटल सेतूवरून गाड्या जातात, पक्षी खाली चरत असतात. परतताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. स्टेशनच्या बाकावर तो खाली बसला, रुमालाने चिखल पुसला, पिनेने अंगठा जोडून दिला आणि खाली बघतच म्हणाला, "आपण लग्न करूया का?" पनवेल गाडी आली आणि गेली. मी हो म्हणाले. आणि म्हटलं, पण आई-बाबांना आधी सांगते. तो म्हणाला, "सांग. मी थांबतो."

आम्हाला नोंदणी विवाह करायचाय. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. आधी नोटीस द्यायची, ती 30 दिवस कार्यालयात लावलेली असते, मग सह्या. तीन साक्षीदार लागतात. एक त्याची आई. बाकीच्या दोन सह्या तुमच्या असाव्यात असं मला फार वाटतं. नोटीस अजून दिलेली नाही. तुमचं उत्तर आल्यावर देऊ.

यायचं ठरलं तर दोघांची आधार कार्डं बरोबर घ्या. रात्रीच्या एसटीने येऊ नका, बाबांचा गुडघा आखडतो. चिपळूणहून मांडवीची तिकिटं मी काढते. गाडीवर न्यायला तो येईल म्हणतोय. या वेळी मी त्याला नको म्हणणार नाही.

तुमची लेक