जुन्या पुलांना वेळेवर निवृत्त करा : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी पोलादपूरकडच्या एका गावात राहते. नोकरी महाडला, प्राथमिक शाळेत केली आणि सगळी वर्षं एसटीनं जाऊन-येऊन केली. वाटेतल्या सावित्री नदीवर दुसरा पूल झाला तेव्हापासून आमचा नेम ठरून गेला होता. सकाळी महाडला जाताना जुना दगडी पूल, संध्याकाळी घरी येताना शेजारचा नवा. मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्यावरून, गोव्याकडची नव्यावरून. नव्या पुलावर बस आली की सांध्यांवर चाकं ठकठक वाजायची. जुन्यावर मात्र तसलं काही नाही, नुसती घरघर, जमिनीवरूनच चाललोय अशी. त्यामुळे आम्हा रोजच्या बायकांना जुनाच जास्त भरवशाचा वाटायचा. "इंग्रजांचं काम आहे," असं कुणीतरी म्हणायचंच, आणि बाकीच्या माना डोलवायच्या. मीही डोलवायचे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पूल गेला. १९२८ चा पूल होता. राजापूरहून बोरिवलीला आणि जयगडहून मुंबईला निघालेल्या दोन एसटी बसगाड्या आणि एक तवेरा त्या काळोखात नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली, काहींचे देह मिळालेच नाहीत. जे मिळाले त्यांतले काही थेट खाडीच्या मुखाशी, समुद्राच्या किनाऱ्यावर. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी पुढच्या गाड्या अडवल्या, म्हणून आकडा तेवढ्यावर थांबला. मग नौदल आलं, तटरक्षक दल आलं, एनडीआरएफ आलं. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपला, तरी पहिल्या बसचा सांगाडा हाती लागायला आठवड्याहून जास्त गेला, आणि तो होता पुलापासून फार लांब नाही. ते दिवस मी नदीकाठी उभी राहून पाहिले आहेत. पाणी इतकं गढूळ होतं की हातभर खालचं दिसत नव्हतं.

साहेब, हे आपल्याला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला सुरक्षित ठरला होता, असं सरकारनं तेव्हा विधिमंडळात सांगितलं. मी या वाक्यावर खूप विचार केला. तपासणी झालीच नाही असं माझं म्हणणं नाही. झाली, यावर विश्वास ठेवूनच मी विचारते की ती कशाची झाली?

दगडी कमानीचा पूल वरून तब्येतीनं ठणठणीत दिसतो. ताशीव दगड एकमेकांवर रेलून उभे असतात. वरून जेवढं वजन येईल तेवढी कमान आणखी घट्ट बसते, म्हणून तर ती शंभर वर्षं टिकते. पण तिचा जीव खाली असतो. एका कमानीचा रेटा शेजारच्या कमानीनं पेललेला असतो, मधल्या खांबावर दोन्हींचा तोल असतो. पुरात पाणी खांबाला वळसा घालून जातं तेव्हा पायथ्याशी भोवरा होतो आणि तो पायाखालची माती, वाळू, गोटे उपसून नेतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं. वाळूचा उपसा जवळपास असेल तर आणखी लवकर. एक खांब बसला की शेजारच्या कमानींचा आधार गेला, त्याही जातात. हे सगळं पाण्याखाली घडतं. वरून बसमधल्या माणसाला घरघर तशीच ऐकू येते. पुलावर उभं राहून, कठडा आणि डांबर बघून, हे कळणार कसं?

एकीकडे एवढं झालं. दुसरीकडे त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. पावसाळ्याच्या आत झाला, म्हणून आम्ही आनंदलो आणि ज्यांनी तो बांधला त्यांचं कौतुकही केलं. आजही करते. पण त्या १६५ दिवसांनी एक गोष्ट कायमची सिद्ध करून ठेवली. पैसे होते, यंत्रं होती, माणसं होती, ठेकेदार होते, मंजुऱ्याही झटपट मिळत होत्या. नव्हता तो फक्त निर्णय, आणि तो यायला दोन बसभर माणसं जावी लागली.

मी जे मागायला बसले आहे ते एवढंच. नवा पूल बांधण्याचा निर्णय आणि जुना पूल निवृत्त करण्याचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत, ते वेगळे घ्या. सावित्रीवर काय झालं बघा. नवा पूल होता! शेजारी, तीन-चार गाड्यांच्या अंतरावर. पण नवा आला म्हणून जुन्याला रजा मिळाली नाही, त्याला अर्धी वाहतूक वाटून दिली. कागदावर दोन्ही मिळून महामार्ग रुंद झाला. नवा पूल बांधल्याच्या समाधानात जुन्याकडे कुणी नव्यानं पाहिलंच नाही. बैलगाड्या आणि तुरळक लॉऱ्यांच्या काळात बांधलेल्या पुलावरून आज कंटेनर जातात. घरात सून आली म्हणून सासूच्या डोक्यावरची पाण्याची घागर आपण उतरवतो ना? इथे ती तशीच ठेवली.

यावर जे वाद होतात ते मी ऐकते. चहाच्या टपरीवर होतात, लग्नाच्या पंगतीत होतात. एक बाजू म्हणते, इंग्रजांचे पूल पाडू नका, आजच्यांपेक्षा भक्कम आहेत. दुसरी म्हणते, पन्नास वर्षांच्या वरचा पूल दिसला की पाडा. मला दोन्ही पटत नाहीत. वयावर जायचं तर गोव्याचा मांडवीवरचा पूल काय म्हातारा होता? ५ जुलै १९८६ ला पडला तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. खाऱ्या हवेनं आतल्या तारा गंजवल्या होत्या. गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल १९८५ चा, ९ जुलै २०२५ ला सकाळी रहदारी चालू असताना तुटला आणि वीसहून अधिक लोक गेले. आणि शंभरी ओलांडलेले दगडी पूल आजही कितीतरी ठिकाणी धडधाकट आहेत. वाढदिवस बघून औषध देत नाहीत, नाडी बघून देतात.

दगडी पूल पाडावेत असं मला मुळीच वाटत नाही. त्या कमानी आमच्या आहेत, इंग्रजांच्या नाहीत. दगड आमच्या डोंगरातला आणि घडवला आमच्याच पाथरवटांनी. त्यांच्यावरून माणसं चालू देत, गुरं जाऊ देत, संध्याकाळी म्हातारे बसू देत. महामार्गाचं ओझं तेवढं उतरवा.

कोल्हापूरच्या पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाची गोष्ट मला फार लागते, कारण तिथे निर्णय झालेला होता. सव्वाशेहून अधिक वर्षांचा पूल, त्यावरून रत्नागिरीचा महामार्ग. पर्यायी पूल शेजारी उभा राहत आला आणि २०१५ च्या सुमारास अडला. जवळची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित आणि कायद्यानं संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत बांधकाम नाही. वारसा जपायचा कायदा चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण अर्धवट पूल पाण्यात उभा आणि जुन्यावर सगळा भार, अशी वर्षं गेली. लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या पुण्याच्या कुटुंबाची मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत पडली. तेरा जणं गेली, त्यात लेकरं होती. पूल तुटला नव्हता, कठडा तुटला. जुन्या पुलाचा धोका फक्त कोसळण्यात नसतो. तो अरुंदपणात असतो, कमी उंचीच्या कठड्यात असतो, समोरून ट्रक आल्यावर चुकवायला जागा नसण्यात असतो. जगबुडी नदीवर खेडजवळ १९ मार्च २०१३ ला खासगी बस अशीच खाली गेली आणि ३७ माणसं मेली. तेव्हा तर पूरही नव्हता, मार्च होता.

बंद करणं सोपं नाही हेही मला कळतं. पूल बंद झाला की बाजार बसतो, बाळंतीणीला लांबच्या वाटेनं न्यावं लागतं, शाळेच्या पोरांचे दोन तास जातात. सांगलीत आयर्विन पुलाला पर्याय कुठे उतरवायचा, पेठेचं काय होणार, यावर व्यापारी आणि रहिवासी बराच काळ भांडले, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणूनच बंद करायची पाळी येण्याआधी पर्याय हवा. पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी साकव धोकादायक आहे हे माहीत होतं, फलक होता. १५ जून २०२५ ला, रविवारी, त्यावर गर्दी झाली, तो कोसळला आणि चौघं गेली. फलक लावला की जबाबदारी उतरली असं होत नाही. ज्या पुलाच्या पलीकडे माणसाचं काम आहे, त्या पुलावर माणूस जाणारच. फलक वाचूनही जाणार.

आता मी जे बोलणार आहे ते आमच्याच नदीवर रोज दिसतं. सावित्रीवरून कोकण रेल्वेही जाते. पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. रुळांवरून रात्रभर गस्त असते. धो धो पावसात बॅटरी घेऊन चालणारा माणूस आमच्याकडच्या पोरांनाही माहीत आहे. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या तीन नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे, पाणी चढलं की गाडी थांबते. नदी तीच, पाऊस तोच, महाबळेश्वरावरून येणारं पाणी तेच. रुळावरच्या माणसासाठी कुणीतरी जागं असतं आणि रस्त्यावरच्या माणसासाठी नसतं, असं का? त्या रात्री बसच्या ड्रायव्हरला पुढचा पूल आहे की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं.

मुंबई-गोवा महामार्गाचं इंदापूरपासून झारापपर्यंतचं काम आपल्याच खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे आहे, म्हणून हे दिल्लीला न लिहिता आपल्याला लिहिते. खांबांचे पायथे पाणी उतरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात तपासा, जिथे पाणी आटत नाही तिथे पाणबुडे उतरवा. मे महिन्यात वरून फिरून दिलेला दाखला पावसाळ्याला पुरत नाही, हे आम्ही मोठी किंमत देऊन शिकलो. प्रत्येक पुलाचा अहवाल मराठीत, तहसील कचेरीच्या भिंतीवर आणि पुलाच्या तोंडाशी लावा. बांधल्याचं साल, शेवटची तपासणी कधी, पाण्याखाली पाहिलं की नाही, किती वजन चालेल, पुढची तपासणी कधी. गावातल्या दहावीच्या पोराला वाचता येईल असा. खांबावर पातळीच्या खुणा रंगवा आणि ठरवून द्या की या खुणेला पाणी लागलं की पूल बंद, कुणाच्या फोनची वाट बघायची नाही. पुराच्या रात्री तिथे बसणारा माणूस नेमा, त्याच्या हातात फाटक द्या आणि फाटक पाडल्याबद्दल दुसऱ्या दिवशी त्याला कुणी झापणार नाही असं लेखी द्या. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे वाहतूक अडवणाऱ्याला जाब विचारतात, चालू ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आणि जिथे नवा पूल झाला आहे तिथे जुन्याला आपोआप दुसरी लेन समजू नका. त्याचा स्वतःचा, नव्यापेक्षा कडक दाखला असेल तरच त्यावरून गाड्या सोडा.

हे पत्र लिहिण्याचं एक निमित्त आहे. मी आता ज्या एका पुलावरून माहेरी जाते, त्याच्या तिसऱ्या कमानीच्या सांध्यातून उंबराचं रोप आलं आहे. दोन वर्षांपूर्वी वीतभर होतं, यंदा माझ्या कमरेएवढं झालंय. मूळ दगडांच्या मधून आत गेलंय, तिथला चुना भुगा होऊन बाहेर आलाय, हाताला लागतो. पावसाचं पाणी जायला ठेवलेली भोकं मातीनं बुजली आहेत, त्यामुळे पाणी कठड्याकडेला साचतं आणि तिथूनच आत मुरतं. त्यावरून वाळूचे, जांभ्याचे ट्रक जातात. तो पूल कुठला, कुणाकडे आहे, हे मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी येऊन ते रोप उपटेल, चुन्याचा हात फिरवेल, फोटो काढेल आणि विषय मिटेल. उंबराची रोपं किती पुलांवर आहेत हे मला आपल्याकडून ऐकायचं आहे.

दिवाळीनंतर नद्यांचं पाणी उतरतं, तेव्हा खांबांचे पायथे उघडे पडतात. आपण त्या दिवसांत एकदा यावं. लवाजमा नको, एक इंजिनिअर आणि बॅटरी पुरे. पुलाखाली उतरायची पायवाट मला माहीत आहे, थोडी निसरडी आहे, पण मी पुढे चालेन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. पोलादपूर, जि. रायगड