आधी माजा आयक

मु. कुडाळ

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर सूनबाईबद्दल तू म्हणालास, "बाबा, तिने तोंड उघडलं की पुढचं सगळं मला पाठ असतं." मी तेव्हा गप्प बसलो. फोनवर मला सुचत नाही, म्हणून हे पत्र. सूनबाईला दाखवलंस तरी चालेल.

ऑफिसातल्या त्या इम्प्रोव्हच्या, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं नाटक करायच्या वर्कशॉपचंही तू सांगितलंस. समोरच्याचं बोलणं मोडायचं नाही, 'हो, आणि' म्हणून पुढे न्यायचं. व्हायोला स्पोलिनबाईंनी शिकागोत, परदेशातून आलेल्यांच्या मुलांना शिकवता शिकवता असले खेळ बसवले, हे मला नवीन होतं. खेळ मात्र नवीन नव्हता. आपल्या दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता कुठे असते? संध्याकाळी नायक आख्यान सांगतो, कोण राजा, कोण राक्षस ते ठरतं, आणि तोंडाला रंग लावून माणूस बाकड्यासमोर उभा राहतो. पुढची रात्र आयत्या वेळच्या शब्दांवर.

माझी पहिली रात्र तुला कधी सांगितली नाही, कारण लाज वाटते. मी प्रधान होतो. घाबरून चार दिवस एक भाषण घोकलं होतं. राजा झालेले जुने नट बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "प्रधानजी, राणीसाहेब कुठे दिसत नाहीत?" मला ते ऐकूच आलं नाही. मी छाती काढून गरजलो, "महाराज, आपल्या प्रतापापुढे शत्रू पळून गेला!"

देवळाचं आवार हसून लोळलं. पायपेटीवालासुद्धा हसत होता. राजाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे आमच्या घरातली भांडणं तुमच्याही कानावर आली तर!" मग राणी माहेरी रुसून गेलीय असं धरून त्याने पाऊण तास ओढला. माझी चूक त्याने फेकून दिली नाही, उचलून घेतली. आत गेल्यावर मात्र माझा कान धरला. "आधी माजा आयक, मगे तुजा बोल."

तुला सूनबाईचं पुढचं पाठ असतं म्हणतोस ना, ते तिचं नसतं. तुझंच घोकलेलं भाषण असतं.

मीही काही शहाणा नव्हतो. एकदा तुझी आई फणस कापून उठली आणि म्हणाली, "तेल लावलं तरी चीक जात नाही हो." मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "मग कापलास कशाला?" संध्याकाळपर्यंत घरात शब्द नाही. गावोगाव आयत्या वेळी संवाद फेकणारा मी, आणि घरात एवढं सुचलं नाही, की "दाखव हात" म्हणावं. तिला चीक काढायचा उपाय माझ्याहून जास्त माहीत होता. विचारत कुठे होती ती!

आणि ऐकायचं म्हणजे सगळं मान्य करायचं असं नाही. राक्षस देवाचं म्हणणं कुठे मान्य करतो? पण ते पुरतं ऐकतो, त्यातलाच शब्द धरून उलट फेकतो, म्हणून तर युद्ध रंगतं. अर्धं ऐकून तलवार काढणारा राक्षस मी पाहिलाय. प्रेक्षक चहाला उठतात.

खोटं गोड बोलायला मात्र जाऊ नकोस. घरातलं माणूस पहिल्या रांगेत बसलेलं असतं, त्याला रंग कुठे उडालाय ते दिसतं.

एका रात्री आमचा बाईची भूमिका करणारा नट आला नाही आणि मला लुगडं नेसवून राणी केलं. राजा बोलत होता, मी मान खाली घालून उभा. मी राजा असताना माझी भाषणं मला कधी लांब वाटली नव्हती. त्या रात्री कळलं, नुसतं उभं राहून ऐकणाऱ्याला ती किती लांब लागतात. तू बोलतोस तेव्हा ती कुठे उभी असते, एकदा बघ.

कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतील. दोघांनी या. पहाटे खेळाच्या शेवटी दहीहंडी फुटेपर्यंत बसायचं असेल तर थंडी वाजते, आईने सूनबाईसाठी शाल काढून ठेवली आहे. तुझी तू आण.

तुझा,
बाबा