सोलापूरच्या मुलांना ऋतू शिकवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालवर्गांच्या भिंतींवर चार ऋतूंचा जो तक्ता सर्रास दिसतो, त्यात वसंतात फुले, उन्हाळ्यात समुद्रकिनारा, शरदात पिवळी पाने आणि हिवाळ्यात बर्फाचा बाहुला असतो. तो खोटा नाही. युरोप किंवा जपानसारख्या समशीतोष्ण प्रदेशांत वर्ष असेच सरते. मात्र तो कुठला आहे हे न सांगता सोलापूरच्या मुलांकडून घोकून घेतला जातो, याला माझा आक्षेप आहे. तक्त्यात पानगळ असते त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे पाऊस आणि रब्बी ज्वारीची पेरणी यांची धांदल चालू असते; इथला कडुनिंब पाने गाळतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि गुढीपाडव्यापर्यंत पुन्हा पालवतो. ज्या पावसाळ्यावर आपले सारे वर्ष अवलंबून आहे, तो तर तक्त्यात नाहीच!

ऋतू का होतात, हे सांगतानाही गफलत होते. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, असे मोठी माणसेही बिनदिक्कत सांगतात. वस्तुतः सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला आपण स्वेटर घालून जातो, त्या जानेवारीच्या सुरुवातीलाच पृथ्वी सूर्यापासून सर्वांत कमी, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर अंतरावर असते. जुलैच्या सुरुवातीला ती आणखी ५० लाख किलोमीटर दूर गेलेली असते. खरे कारण आहे ते पृथ्वीच्या अक्षाचा सुमारे २३.५ अंशांचा कल. सूर्याभोवती फिरताना हा कल एकाच दिशेला राहत असल्याने सहा महिने उत्तर गोलार्ध आणि सहा महिने दक्षिण गोलार्ध सूर्याकडे अधिक झुकलेला असतो, तिथे किरणे सरळ पडतात आणि दिवसही मोठा होतो. डिसेंबरअखेरीस मेलबर्नमधील कसोटी सामना भर उन्हाळ्यात कसा खेळला जातो, हे क्रिकेटवेड्या मुलांना विचारले तर अंतराचा समज तिथल्या तिथे गळून पडेल.

लहान मुलांना अक्ष आणि कोन समजणार नाहीत, असे कोणी म्हणेल. त्यासाठी शाळेच्या मैदानात एक मीटर उंचीची काठी उभी रोवली तरी पुरे आहे. सोलापुरात २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तिची सावली उत्तरेकडे सुमारे ८७ सेंटीमीटर पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, २१ जूनला ती चक्क दक्षिणेकडे, जेमतेम १० सेंटीमीटर दिसते आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा हरवते. लंडनच्या मुलांना हे त्यांच्या गावी कधीच पाहता येणार नाही, कारण तिथे सूर्य डोक्यावर येतच नाही. उलट तिथे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत जवळजवळ नऊ तासांचे अंतर असते, आपल्याकडे ते दोनच तासांचे असते. त्यांचे चार ऋतू एवढे ठळक का, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

सूर्य सर्वांत उत्तरेला जातो जूनमध्ये, पण आपल्याला सर्वाधिक पोळतो मे महिना, कारण जूनमध्ये मोसमी ढग आणि पाऊस हवा थंड करतात. म्हणून तक्ता काढून टाकावा असे माझे म्हणणे नाही; त्याशेजारी उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांचा, ज्वारी, हुरडा आणि कडुनिंब दाखवणारा आपला तक्ता लावावा.

आपल्या बालपुरवणीने सावलीच्या या तारखा दरवर्षी छापाव्यात, ही विनंती. सोबत वेळही द्यावी, कारण सोलापूरची मध्यान्ह घड्याळात बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास होते.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर